साकवापलीकडचा कुकारा

त्या दिवशी सकाळपासूनचा चौथा कुकारा आला तेव्हा मी परसात वालाच्या शेंगा काढत होते. परडी खाली ठेवली, कमरेवर हात देऊन उभी राहिले आणि तोंडाशी हात धरून परत दिला. कूऽऽऽ हू. व्हाळापलीकडून लगेच उत्तर आलं.

"आज म्हाताऱ्याला भलताच उमाळा आलाय," मी कोंबडीला म्हटलं.

त्या दिवसांत मी कोंबडीशी बोलत असे. ती ऐकून घ्यायची आणि मध्ये बोलायची नाही. एवढा गुण माझ्या नवऱ्यातही नव्हता.

कुकारा म्हणजे काय ते आता सांगायला हवं, कारण तो घालणारं कुणी उरलं नाही. आमची दळवीवाडी एका व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, दोन्ही अंगांना पसरलेली. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला शेतं आणि त्यापलीकडे पुन्हा रान. लाल तोंडाची माकडं, आम्ही त्यांना केलडी म्हणतो, डोंगरावरून उतरायची ती वाडीतून फराळ करत करत खालच्या रानात जायची. साळिंदर, डुक्कर हे रात्रीचे चोर, त्यांचं कुंपणाने भागायचं. पोपटांसाठी चिकूवर जुन्या कॅसेटची फीत ताणली की चार दिवस तरी ते बिचकायचे. पण केलड्यांना कशाचीच भीड नाही. मी एकदा नवऱ्याचा सदरा घालून बुजगावणं उभं केलं, तर दुसऱ्या दिवशी एक हुप्प्या त्याच्या खांद्यावर बसून माझंच वांगं खात होता.

त्यांना एकच गोष्ट कळते, ती म्हणजे माणसांची एकी. केलडी ज्याच्या परसात उतरतील त्याने कुकारा घालायचा. खालच्या घराने तो ऐकला की परत द्यायचा, म्हणजे "ऐकलं, मी तयार आहे." मग डबा घेऊन उभं राहायचं. केलडी आली की आपण बडवायचं आणि पुढच्या घराला कुकारा द्यायचा. असं घरोघर हाकलत अर्ध्या तासात त्यांना वाडीबाहेर काढायचं. नऊ घरं होती तेव्हा हे छान चालायचं. मग एकेक घर बंद होत गेलं. कुणी ठाण्याला, कुणी कोल्हापूरला, कुणी देवाघरी. मी सांगतेय त्या वर्षी वाडीत दोन चुली पेटत होत्या. सगळ्यात वरची बाबल दळव्याची, आणि तिच्या खालची, व्हाळाच्या अलीकडची, माझी.

बाबल माझा चुलत दीर. बायको जाऊन आठ वर्षं झालेली, मुलगी शालन कोल्हापूरला दिलेली. मीही विधवा, माझा उमेश वापीला कारखान्यात. दोघांच्या घरांमध्ये एक व्हाळ आणि त्यावर एक सुपारीच्या खोडांचा साकव. दोन मिनिटांची वाट. आणि त्या वाटेने मी सतरा वर्षांत एकदाही गेले नव्हते, कारण आमच्या घरांचं बोलणं बंद होतं.

भांडण झालं ते टायगरवरून. टायगर आमचा कुत्रा. माझ्या नवऱ्याने, सगळे त्यांना दादा म्हणत, त्याला पिल्लू असताना खिशात घालून बाजारातून आणला होता. माणसांवर त्यांनी कधी केली नाही एवढी माया त्या कुत्र्यावर केली. एका वर्षी डुकरांनी बाबलभावजींचे कणगे, म्हणजे जमिनीतले कंद, उकरून सगळा सत्यानाश केला, तेव्हा भावजींनी कुंपणाला तारेची फासकी लावली. फासकी लावायची तर वाडीला आधी सांगायचं, हा आमच्याकडचा रिवाज. कारण फासकीला डुक्कर आणि कुत्रा यांतला फरक कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टायगर तारेत लटकलेला सापडला.

दादा देवळात गेले. निवाड्याला गावकर बसले. "फासकी लावलंस तां कोणाक सांगितलंस?" असं भावजींना सगळ्यांसमोर विचारलं.

भावजी खाली मान घालून म्हणाले, "सांगितलंय होतंय. कोणाक तां आठवना नाय."

लोक हसले. शेंबडं पोरही याहून बरं खोटं बोललं असतं. दादांनी तिथल्या तिथे देवापुढे नारळ ठेवला, की माझ्या घरातलं माणूस याच्या घराशी बोलणार नाही आणि याच्या घरचं पाणी पिणार नाही. म्हाताऱ्या गावकरांनी सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "तुमचा तुमी बघा. पण एक सांगतंय, कुकारो म्हणजे बोलणा नाय. माकडांक तुमचो झगडो कळना नाय. कुकारो येतलो तेवा दोघांनीय देवचो." दादांनी तेवढं मान्य केलं, कारण वाल आमचाही होता.

पुढे सहा वर्षांनी दादा गेले. मला नारळ उचलून ती शपथ सोडवता आली असती. गावात दोघा-तिघांनी सुचवलंही. पण मी नवऱ्याचा शब्द पाळला. "सुगंधा म्हणजे खरी पतिव्रता," असं देवळात बायका म्हणायच्या, आणि मी म्हणू दिलं.

आता खोट्या कुकाऱ्याचं. त्या वर्षी उमेश गणपतीला आला नाही. सुट्टी मिळत नाही म्हणाला. मी एकटीने मूर्ती आणवली, एकटीने आरती केली, आणि दीड दिवसाने शेजारच्या गावातल्या गड्याला बोलावून विसर्जन केलं. नंतरच्या आठवड्यात एका सकाळी माझ्या लक्षात आलं की तीन दिवस झाले, मी तोंडातून शब्द काढलेला नाही. मला भीती वाटली. आवाज आहे की गेला ते बघावं म्हणून मागल्या दारी उभी राहिले आणि डोंगराच्या दिशेने कुकारा दिला. परसात केलडं सोडा, खारसुद्धा नव्हती.

व्हाळापलीकडून उत्तर आलं.

मी घरात आले आणि पदर तोंडाशी धरून हसले. मग थोडी रडलेसुद्धा. भावजींना वाटलं असेल, केलडी या वेळेस खालून वर चाललीत. बिचारा डबा घेऊन तासभर उभा राहिला असेल.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दिला. चार दिवसांनी त्यांनी स्वतःहून दिला. मी डबा घेऊन उभी राहिले तर केलडी आलीच नाहीत. तेव्हा मला कळलं की त्यांनाही कळलंय. मग रोजचंच झालं. सकाळी दहाच्या सुमाराला एक, उन्हं कलली की एक. खरी केलडी आली की कुकाऱ्यामागून लगेच डबा वाजायचा, त्यामुळे खरा आणि खोटा यांत घोटाळा व्हायचा नाही. साठी उलटलेली दोन माणसं व्हाळाच्या दोन बाजूंना उभं राहून कोकिळेसारखी कूऽ कूऽ करतायत, कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण बघायला होतंच कोण?

मला त्याची इतकी सवय झाली की दहा वाजून गेले आणि कुकारा आला नाही तर चुलीवरचं काही सुचायचं नाही. त्यातच रेशनच्या दुकानात कानावर आलं होतं, की शालन बापाला कोल्हापूरला न्यायचं म्हणतेय. शिमग्यापर्यंत नेणार. ते ऐकल्यापासून मी दिवस मोजायला लागले. रोजच्या कुकाऱ्यानंतर वाटायचं, आजचा दिवस निभावला. म्हातारा अजून आहे.

म्हणून त्या दिवशी, माघातला मंगळवार होता तो, सकाळी आठला पहिला कुकारा आला तेव्हा मी खूष झाले. डबा वाजला नाही, म्हणजे नुसतीच चौकशी. साडेआठला दुसरा. नऊला तिसरा. मी प्रत्येकाला परत दिला. चौथ्याला कोंबडीशी बोलले ते वर सांगितलंच. पाचव्याला मी चेष्टा म्हणून लागोपाठ दोन दिले. पलीकडून थोडा वेळ काही नाही, मग एक आला, जरा खालच्या पट्टीत. मला वाटलं, माझी नक्कल करतोय.

त्या दिवशी मी आंघोळ करताना गाणं म्हटलं. केसांना तेल लावलं. वालाची उसळ केली, आणि कधी नव्हे ती त्यात खोबरं सढळ घातलं.

एक वाजता भात वाढून घेतला आणि कुकारा आला. आखूड. पुढचा "हू" नव्हताच. मी हातातला डाव तसाच धरून मागल्या दारी गेले आणि परत दिला. मग वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने पुन्हा आला, आणखी आखूड. मी तोही परत दिला.

आत जाऊन जेवायला बसले. दोन घास खाल्ले आणि ताट झाकून ठेवलं. मग मागल्या पायरीवर येऊन बसले. दोन वाजता एक आला, पावणेतीनला एक. मी पायरीवरूनच दिले. कोंबडी पायाशी घुटमळत होती, तिला हाकललं.

त्यानंतर काही आलं नाही. साडेतीनला मी स्वतःहून घातला. व्हाळाचं पाणी तेवढं वाजत होतं. चारला पुन्हा घातला, घसा फाटेपर्यंत. तरी नाही.

मला राग आला. हे सांगायला लाज वाटते, पण मला खरोखर राग आला. शालन आली असणार, म्हटलं. सकाळपासून म्हाताऱ्याचं चाललं होतं ते निरोपाचं होतं, आणि आता गेला असेल गाडीत बसून. पण गाडीचा आवाज आला नव्हता. वाडीत गाडी आली की गिअर बदलल्याचा आवाज थेट माझ्या चुलीपाशी येतो. हे मला माहीत होतं, तरी मी स्वतःला शालनचीच गोष्ट सांगत बसले.

पाचाच्या सुमाराला केलडी आली.

आली ती भावजींच्या बाजूनेच, साकवावरून, रांगेने. त्यांच्यापुढे कुकारा नव्हता, मागे डबा नव्हता. देवदर्शनाला निघाल्यासारखी निवांत चालत होती. पुढच्या हुप्प्याच्या हातात अर्धी पपई होती. भावजींच्या परसातली पपई. ती झाडं त्यांनी जिवापाड राखली होती, सतरा वर्षांत एका केलड्याला त्यातली फोड मिळाली नव्हती.

हुप्प्या माझ्यापासून दहा हातांवर बसला आणि माझ्याकडे बघत पपई खाऊ लागला. बाकीची वालाच्या मांडवावर चढली. डबा माझ्या हाताशी होता. मी तो उचलला नाही. त्यांच्यामधूनच चालत व्हाळावर गेले.

साकवावर पाय ठेवला आणि थांबले. तेवढ्यात जे मनात आलं ते आता सांगते, कारण न सांगता ही गोष्ट पुरी होत नाही.

टायगर मेला त्याच्या आदल्या संध्याकाळी मी याच साकवाखाली कपडे धूत होते. वरून भावजी आले आणि म्हणाले, "वैनी, आज फासकी लावतंय डुकरांसाठी. दादाक सांग, कुत्र्याक रातचो बांधून ठेवा." मी "बरां" म्हटलं. घरी गेले तर उमेश तापाने फणफणला होता. पट्ट्या ठेवण्यात रात्र गेली, आणि सांगायचं राहिलं. एवढंच. मुद्दाम केलं नाही, पण झालं ते माझ्याकडून झालं.

देवळात त्यांना विचारलं तेव्हा मी बायकांत बसले होते. भावजींनी मान वर करून एकदा माझ्याकडे बघितलं. दादांचा हात कसा चालतो हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. आठवडाभर मला बाहेर पडता यायचं नाही तेव्हा बायका "सुगंधाक ताप इलो" असं म्हणायच्या. भावजींनी मान खाली घातली आणि म्हणाले, कुणाला सांगितलं ते आठवत नाही. मी गप्प बसले. दादा असेपर्यंत माराच्या भीतीने गप्प बसले, ते समजू शकतं. पण दादा गेल्यावर? नारळ उचलला असता तर भावजींशी पहिला शब्द हाच बोलावा लागला असता. तो मला बोलायचा नव्हता, म्हणून मी नवऱ्याचा शब्द पाळला.

आणि त्या दिवशीसुद्धा एक वाजताचा आखूड कुकारा ऐकला तेव्हाच मला कळलं होतं की हे खेळातलं नाही. चार-पाच महिने जो आवाज ऐकून मी दिवस काढत होते, तो मला ओळखता येणार नाही? कळलं होतं, म्हणूनच घास उतरेना. चार तास मी पायरीवर बसून होते. पुढे सगळ्यांना सांगितलं की मला काही कल्पनाच आली नाही.

साकव ओलांडला.

भावजी माडाच्या बुंध्याशी कुशीवर पडले होते. उंदीर चढू नयेत म्हणून माडाला पत्रा मारायला शिडीवर चढले होते, ती शिडी त्यांच्या पायांवर आडवी पडली होती. हातोडी एकीकडे, पत्रा एकीकडे. डावा पाय भलत्याच दिशेला वळलेला. त्यांच्याभोवती पपईच्या साली आणि बिया पडल्या होत्या. केलड्यांनी त्यांच्या उशाशी बसून जेवण केलं होतं.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. मी शिडी उचलून बाजूला केली, घरात गेले, कळशीतून तांब्याभर पाणी आणलं. डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाजलं. त्यांना थंडी वाजत होती आणि कपाळ तापलं होतं.

पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "वैनी, माकडां खाली गेली. तुझो वाल खातली."

"खावंदेत."

"माका कुकारो घालूक जमाक नाय. घसो सुकलो."

सतरा वर्षांनी आमच्यात पहिलं बोलणं झालं ते हे.

"कधी पडलास?"

"उनां येवच्या आदी. तू चूल पेटवलंस तेवा. धूर दिसलो."

"भावजी, मगे पडलंय म्हणान सांगूक होया होता. नुसते कुकारे कित्याक घालीत रवलास?"

त्यांनी थोडा विचार केला. त्यांना जणू मी काहीतरी अडाण्यासारखं विचारत होते.

"बोलणा बंद ना आपला? दादान नारळ ठेवल्यान. कुकाऱ्याक तेवडी मोकळीक होती."

"दादा मरान अकरा वर्सां झाली."

"नारळ अजून हा मां पण."

मी त्यांच्या तोंडावरची माती पदराने पुसली. त्यांनी डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "तू परत देय होतंस. बरा वाटा होता. एकटो नाय हा असा वाटा होता."

"भावजी," मी म्हटलं, "माका एक सांगूचा हा. त्या फासकीचा..."

"जा आदी," ते म्हणाले. "कोणाक तरी घेवन ये. काळोख पडात."

"माका सांगांदेत तरी."

"वैनी, जा."

मी गेले. वरच्या धनगरवाड्यापर्यंत धावत गेले, म्हणजे साठीतली बाई धावते तशी. दोन गडी आले, त्यांनी घराची फळी काढून त्यावर त्यांना घेतलं, रस्त्यावर टेम्पो थांबवला. फळी वर चढवताना भावजी ओरडले नाहीत. मी टेम्पोत बसायला लागले तर गडी म्हणाला, काकी, जागा नाही, तुम्ही शालनला फोन करा. मी केला.

घरी आले तेव्हा परसात काही उरलं नव्हतं. मांडव खाली आला होता, वांग्याची रोपं मुळासकट उपटलेली, मुळे अर्धे अर्धे चावून टाकलेले. कोंबडी माळ्यावर जाऊन बसली होती. मी सगळं तसंच राहू दिलं.

चौथ्या दिवशी एसटीने तालुक्याला दवाखान्यात गेले. वाटभर वाक्य जुळवत होते. खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यात छातीत कफ भरला होता. शालन उशाशी बसली होती. शेजारच्या खाटांवर माणसं, त्यांचे नातेवाईक, मोसंबी सोलणाऱ्या बायका. भावजी जागे होते. मला बघून त्यांनी हात थोडा वर केला. मी अर्धा तास बसले. शालन चहा आणायला गेली तेवढी पाच मिनिटं आम्ही दोघंच होतो. तेव्हा मी त्यांना म्हटलं, "चिकूवर पोपट येतत. मी फीत बांधलंय." ते म्हणाले, "बरा केलंस."

नवव्या दिवशी ते गेले. भाऊबंदकीचं सुतक मलाही होतंच. बोलणं तुटलं तरी सुतक तुटत नाही. बंद घरांतली दळवी मंडळी चार दिवस आली आणि गेली.

महिन्याभराने शालन घर बंद करायला आली. दिवसभर तिने भांडी पालथी घातली, गाद्या माळ्यावर टाकल्या, आणि उन्हं कलल्यावर साकव ओलांडून माझ्याकडे आली. मी चहा केला. तिने बशीत ओतून घेतला, पण प्यायली नाही.

"काकी, बाबा तिथे सारखं तुमचं नाव काढायचे," ती म्हणाली. "दिवसभर काकी ओ देत होती, म्हणून धीर सुटला नाही म्हणाले. तुम्ही नसतात तर त्याच दिवशी गेले असते."

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"आणि एक सांगायला सांगितलंय त्यांनी. मला दोनदा म्हणाले, विसरू नको." तिने बशी खाली ठेवली. "टायगरच्या वेळी देवळात ते खोटं बोलले होते. फासकी लावली ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. चूक त्यांची एकट्याची. त्यांच्यापायी तुमच्या घराला त्रास झाला, दादाकाका त्याच रागात गेले. काकीची माफी माग, म्हणाले. ती माफ करील असं बघ."

बाहेर कोंबडी पिल्लांना बोलावत होती. शालन माझ्या तोंडाकडे बघत होती. बापाने सोपवलेलं शेवटचं काम होतं, ते पुरं केल्याशिवाय तिला जाता येत नव्हतं. मला वाटलं, आता सांगावं. साकवाखालचं सगळं सांगून टाकावं. तोंड उघडलंसुद्धा.

"माफ केलंय गो मी," मी म्हटलं. "कधीचंच केलंय."

शालनने डोळे पुसले. गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग उठून वाकून माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं.